शांतिनिकेतनातील दहा मार्च

हावड्याहून उत्तरेकडे निघालेली आगगाडी बर्दवान ओलांडीपर्यंत खिडकीबाहेर बंगालची ओळखीची भातखाचरे आणि तळी दिसत राहतात. मग अजय नदीचे वाळूने भरलेले रुंद पात्र लागते आणि त्यापलीकडे मातीचा रंग पालटतो. कोकणातील वाचकांस जांभ्याची आठवण व्हावी अशी ती तांबडी, खडबडीत, पाणी न धरणारी भूमी आहे. पावसाने ती जागोजागी खोल चिरून काढली आहे. या घळींना तेथील लोक ‘खोआई’ म्हणतात. हा बीरभूम जिल्हा. कोलकात्यापासून सुमारे दीडशे किलोमीटरवर असलेल्या बोलपूर स्थानकात उतरून आपण थोडे अंतर गेलो, की शांतिनिकेतनाची वनराई सुरू होते.

ही वनराई निसर्गाने दिलेली नव्हे, ही गोष्ट प्रवाशाने आरंभीच ध्यानी घ्यावी. १८६३ साली महर्षी देवेंद्रनाथ ठाकूर यांनी येथे वीस बिघे जमीन घेतली, तेव्हा या उजाड माळावर सांगण्यासारखी सावली होती ती छातिमच्या म्हणजे सप्तपर्णीच्या दोन वृक्षांची. आज आपण ज्या शालवीथीतून चालतो, ज्या आम्रकुंजाखाली वर्ग भरलेले पाहतो, ती सारी झाडे कोणीतरी खड्डा खणून लावली आहेत आणि उन्हाळ्याच्या कठीण दिवसांत पाणी घालून जगविली आहेत.

बहुतेक प्रवासी येथे येतात ते रवींद्रनाथांची घरे, रंगीत काचांचे उपासनामंदिर आणि कलाभवनाची भित्तिचित्रे पाहावयास. २०२३ मध्ये युनेस्कोने शांतिनिकेतनाचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत केल्यापासून ही वर्दळ वाढली आहे. वाचकहो, आपणही ते सारे अवश्य पाहावे. परंतु या लेखात आम्ही आपणांस एका निराळ्या वाटेने नेणार आहोत. ही वाट विद्यार्थ्यांच्या राहण्याच्या खोल्यांकडे, स्वयंपाकघराकडे आणि खरकटे जेथे जाते त्या मागल्या अंगणाकडे जाते. घरापासून दूर राहणाऱ्या तरुणाने पाणी, अन्न, दिवा आणि केर यांच्याशी कसे वागावे, हा आज देशातील प्रत्येक वसतिगृहापुढचा प्रश्न आहे. त्याचा एक फार जुना आणि फार प्रांजळ प्रयोग येथे झालेला आहे.

रवींद्रनाथांनी १९०१ च्या डिसेंबरात येथे ब्रह्मचर्याश्रम काढला, तेव्हा विद्यार्थी होते अवघे पाच. राहणी अत्यंत साधी होती. पहाटे उठावे, आपली खोली आपण झाडावी, आपले अंथरूण आपण आवरावे, असा नेम होता. मुलांच्या जेवणाचा भार कविपत्नी मृणालिनीदेवींनी वाहिला. शाळेला पैसा कमी पडला तेव्हा त्यांचे दागिनेही विकले गेले. पुढल्याच वर्षी, १९०२ च्या नोव्हेंबरात, त्या निवर्तल्या. आश्रमाचा इतिहास सांगताना कवीचे नाव सहजच आधी येते. पण त्या पहिल्या वसतिगृहाचा न दिसणारा भार एका गृहिणीच्या हातांवर होता, हे विसरता कामा नये. वसतिगृह कोठलेही असो, त्याच्या मागे असे न दिसणारे हात असतातच, आणि पुढे घडलेल्या गोष्टीचे मर्म नेमके येथेच आहे.

दक्षिण आफ्रिकेतील कार्य आटोपून गांधीजी जानेवारी १९१५ मध्ये मायदेशी परतले. त्यांच्या फीनिक्स आश्रमातील मुले व सहकारी त्यांच्याआधीच हिंदुस्थानात आले होते आणि मगनलाल गांधींच्या देखरेखीखाली शांतिनिकेतनात राहत होते. या मंडळींचे स्वयंपाकघर स्वतंत्र होते. ते स्वतःच रांधीत, स्वतःच भांडी घाशीत. मसाल्यावाचूनचे त्यांचे साधे जेवण एकाच वाफेच्या भांड्यात शिजत असे. १७ फेब्रुवारीस गांधीजी तेथे पोहोचले, परंतु दोनच दिवसांनी गोपाळ कृष्ण गोखले यांच्या निधनाची वार्ता आली आणि ते पुण्यास निघून गेले. मार्चच्या पहिल्या आठवड्यात परतल्यावर त्यांची व रवींद्रनाथांची भेट झाली.

त्या दिवसांत एक मराठी तरुण शिक्षकही शांतिनिकेतनात होते. साताऱ्यास जन्मलेले दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर, म्हणजेच पुढे सर्वांना परिचित झालेले काकासाहेब. गांधीजींचा व त्यांचा स्नेह येथेच जुळला आणि त्या स्नेहाने त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली.

गांधीजींनी शिक्षकांपुढे व विद्यार्थ्यांपुढे एक साधी सूचना मांडली. पगारी आचारी कशाला? सर्वांनी मिळून आपला स्वयंपाक आपण का करू नये? तसे केल्यास अन्नाच्या शुद्धतेवर आपली देखरेख राहील आणि मुलांना स्वावलंबनाचा प्रत्यक्ष पाठ मिळेल, असे त्यांचे म्हणणे होते. एकदोघा शिक्षकांनी नकारार्थी मान हलविली. काहींना कल्पना आवडली. मुलांना तर नावीन्याचाच आनंद झाला. शिक्षक अनुकूल असतील तर आपली हरकत नाही, असे रवींद्रनाथांनी सांगितले. इतकेच नव्हे, तर या प्रयोगात स्वराज्याची किल्ली आहे, अशा आशयाचे उद्गार त्यांनी मुलांपुढे काढले.

१० मार्च १९१५ रोजी प्रयोगास आरंभ झाला. कोणी भाजी चिरू लागले, कोणी तांदूळ निवडू लागले, कोणी स्वयंपाकघर व त्याचा परिसर झाडून काढू लागले. विल्यम पियर्सन या इंग्रज शिक्षकाने मोठमोठी भांडी घासण्याचे काम आपल्या अंगावर घेतले आणि ते हसतमुखाने केले. भांडी घासणाऱ्यांचा कंटाळा जावा म्हणून काही विद्यार्थी त्यांच्याजवळ बसून सतार वाजवीत. हे सर्व गांधीजींनी आपल्या आत्मकथेत नमूद केले आहे. त्याच ठिकाणी त्यांनी हेही सांगितले आहे, की सव्वाशे मुलांना व शिक्षकांना हे श्रम सहजासहजी अंगवळणी पडणे शक्य नव्हते. रोज चर्चा होत. काहींना लवकरच थकवा जाणवू लागला. गांधीजी दुसऱ्याच दिवशी पुढील प्रवासास निघाले होते. एप्रिलच्या सुमारास फीनिक्सची मंडळीही कुंभमेळ्यासाठी हरद्वारकडे गेली. काही काळाने प्रयोग थांबला.

येथेच कथा संपली असती तर आम्ही आपणांस इतक्या दूर आणले नसते. प्रयोग थांबला, परंतु तो दिवस शांतिनिकेतनाने सोडला नाही. दरवर्षी १० मार्च हा ‘गांधी पुण्याह’ म्हणून पाळला जातो. परंपरा अशी, की त्या दिवशी आचारी, नोकर व सफाई कामगार यांना विश्रांती द्यावयाची आणि त्यांची कामे विद्यार्थ्यांनी व अध्यापकांनी करावयाची. हातात झाडू घेतलेला पदवीधर आणि त्याच्या शेजारी पाने गोळा करणारा त्याचा अध्यापक असे दृश्य त्या दिवशी आम्रकुंजाच्या सावलीत दिसते.

एका दिवसाने काय होते, असा प्रश्न कोणी विचारील आणि तो रास्तच आहे. वर्षाचे उरलेले ३६४ दिवस दुसऱ्याने झाडावे आणि एक दिवस आपण झाडून समाधान मानावे, यात समारंभाचा धोका आहेच. तरीही त्या दिवसात एक गोष्ट घडते, जी व्याख्यानाने घडत नाही. आपल्या ताटातले उरलेले अन्न कोणत्या पिंपात जाते, ते पिंप किती जड असते आणि ते रोज कोणाला उचलावे लागते, हे विद्यार्थ्यास प्रत्यक्ष कळते. जे दृष्टीआड होते ते दृष्टीसमोर येते.

हे तत्त्व शांतिनिकेतनाच्या परिसरात आणखीही ठिकाणी भेटते. तेथून दोन-तीन किलोमीटरवरील सुरूल गावाजवळ ६ फेब्रुवारी १९२२ रोजी लिओनार्ड एल्महर्स्ट या तरुण इंग्रज कृषितज्ज्ञाने मूठभर विद्यार्थ्यांसह ग्रामसुधारणेचे केंद्र सुरू केले. तेच पुढे श्रीनिकेतन झाले. आपला स्वयंपाक व आपली सफाई आपणच करावयाची, या पायावर ते काम उभे राहिले. चर खणून मैला मातीआड करावा आणि त्याच जागी पुढे भाजीपाला पिकवावा, हा तेथील पहिल्या धड्यांपैकी एक होता. ज्या कामाचे ओझे समाजाने पिढ्यान्‌पिढ्या काही जातींच्याच माथी मारले होते, ते काम सुशिक्षित तरुणांनी हाती घ्यावे, यातील सामाजिक अर्थ वेगळा सांगावयास नको.

कलाभवनाच्या आवारातील ‘कालो बाडी’ म्हणजे काळे घर हेही अवश्य पाहावे. विद्यार्थ्यांचे वसतिगृह म्हणून बांधलेली ही वास्तू १९३० नंतरच्या दशकातील आहे. भिंती मातीच्या, पाऊस व वाळवी यांपासून रक्षण व्हावे म्हणून मातीत डांबर मिसळलेले. नंदलाल बसू व रामकिंकर बैज यांच्या मार्गदर्शनाखाली विद्यार्थ्यांनी तिच्या भिंतींवर उठावाची चित्रे कोरली. आपल्या राहण्याच्या घराला ज्याने स्वतःचे हात लाविले, तो त्या घराची भिंत खरवडून नाव लिहीत नाही. उत्तरायणाच्या आवारातील ‘श्यामली’ हे १९३५ मधील मातीचे घरही याच विचारातून आले. जवळच्या मातीतून, थोड्या खर्चात, छपरासह टिकाऊ घर बांधता येईल काय, हे रवींद्रनाथांना आपल्या उतारवयात पाहावयाचे होते. १९४० मध्ये गांधीजी व कस्तुरबा याच घरी राहिले होते.

१९२८ च्या जुलैमध्ये रवींद्रनाथांनी येथे वृक्षारोपणाचा उत्सव सुरू केला. रोपाला पालखीत बसवून, गात-नाचत खड्ड्यापर्यंत न्यावयाचे, अशी त्याची रीत आहे. दुसऱ्या दिवशी श्रीनिकेतनात हलकर्षण, म्हणजे नांगरणीचा उत्सव झाला. मुलांना कर्तव्य सांगावयाचे तर ते आनंदाशी बांधून सांगावे, हे कवीने ओळखले होते. भांड्यांच्या ढिगाजवळ सतार वाजविणारी मुले आणि पालखीतून जाणारे रोप यांमागे एकच दृष्टी आहे.

आता आजच्या कोणत्याही विद्यापीठाच्या वसतिगृहाकडे वळू या. घरी दिवा विनाकारण जळत राहिला तर आई किंवा आजी टोकते, कारण विजेचे बिल घरातच येते. वसतिगृहात बिल कार्यालयात जाते आणि शुल्काच्या एकत्रित रकमेत विरून जाते. नळ टपकत असेल तर ती देखभाल विभागाची बाब होते. ताटातील भात टाकून दिला तरी खानावळीची रक्कम तीच राहते. बटण दाबणारा हात आणि त्याचा परिणाम यांच्यामध्ये एक जाड पडदा उभा असतो. आपली मुले स्वभावाने उधळी नाहीत. त्यांना पडद्यापलीकडचे दिसत नाही, एवढेच.

तो पडदा क्षणभर दूर करून हिशेब पाहा. छताचा जुन्या पद्धतीचा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो. विद्यार्थी वर्गात असताना तो सहा तास रिकाम्या खोलीत फिरत राहिला, तर जवळजवळ अर्धे युनिट खर्च होते. दोनशे खोल्यांत असे घडले तर रोज ९० युनिटे जातात. आपल्या देशातील वीज आजही मुख्यतः कोळशावर निर्माण होते आणि एका युनिटास साधारण सहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा लागतो. म्हणजे रिकाम्या खोल्यांना वारा घालण्यासाठी रोज सुमारे ६० किलो कोळसा जळाला! शांतिनिकेतनातील विद्यार्थ्यास तो कोठे जळतो हे पाहण्यास फार लांब जावयास नको; बक्रेश्वरचे १०५० मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र याच बीरभूम जिल्ह्यात आहे. नव्या धर्तीचे पंखे तीस-पस्तीस वॅटमध्येच तेवढा वारा देतात, ही गोष्ट व्यवस्थापकांनी लक्षात घ्यावी. परंतु रिकाम्या खोलीतील पंखा कोणताही असो, तो बंदच असावा.

अन्नाचेही तसेच आहे. चारशे विद्यार्थ्यांनी दोन्ही जेवणांत प्रत्येकी केवळ ५० ग्रॅम अन्न टाकले, तर दिवसाकाठी ४० किलो अन्न वाया जाते. एक किलो साळ पिकविण्यास सरासरी अडीच हजार लिटर पाणी लागते, असा भातसंशोधकांचा अंदाज आहे. बोलपूरच्या वाटेवर जी खाचरे आपण पाहिली, त्यांतील चिखलात कंबर वाकवून केलेली लावणीही त्या टाकलेल्या घासात असते. आणि पाणी? सेकंदाला एक थेंब टपकणारा नळ दिवसात वीस लिटरांच्या आसपास पाणी सांडतो. ते एका माणसाच्या स्नानाची बादली भरण्यास पुरेसे आहे.

असे आकडे दिसू लागले, तर तरुण वागणूक बदलतात काय? या प्रश्नाचे एक मोजून काढलेले उत्तर सातासमुद्रांपलीकडे मिळते. अमेरिकेतील ओहायो राज्यात ओबर्लिन नावाचे एक महाविद्यालय आहे. तेथे २००५ मध्ये वसतिगृहांमध्ये वीज व पाणी वाचविण्याची दोन आठवड्यांची स्पर्धा घेण्यात आली आणि प्रत्येक इमारतीचा वापर विद्यार्थ्यांना पाहता येईल अशी सोय केली गेली. विजेचा वापर एकूण ३२ टक्क्यांनी घटला. ज्या इमारतींत तो क्षणोक्षणी पडद्यावर दिसत होता, तेथे तो ५५ टक्क्यांनी उतरला. पाण्याच्या वापरात मात्र केवळ तीन टक्क्यांची घट झाली. म्हणजे दिसणे महत्त्वाचे खरे, पण प्रत्येक सवय सारख्या वेगाने सुटत नाही. शिवाय स्पर्धा दोन आठवड्यांची असते आणि वसतिगृहातील वास्तव्य चार-पाच वर्षांचे. १९१५ च्या स्वयंपाकघरापुढे जी अडचण आली, तीच येथेही आहे: आरंभीचा उत्साह ओसरल्यावर काय टिकवावे?

आमच्या मते शांतिनिकेतनाचा अनुभव याचे उत्तर सुचवितो. सव्वाशे जणांनी सर्व कामे कायम करावीत, हा भार पेलला नाही. परंतु पाळीपाळीने थोडे काम प्रत्येकाच्या वाट्यास यावे, हे सहज शक्य आहे. प्रत्येक मजल्यावरील दोन विद्यार्थ्यांनी आठवडाभर मीटरचा आकडा फळ्यावर लिहावा. खानावळीच्या दाराशी उरलेल्या अन्नाचे वजन रोज खडूने मांडावे. आपले ताट आपण धुवावे. ओला केर मागल्या अंगणातील खड्ड्यात जावा आणि त्याच्या खतावर चार झाडे वाढावीत. महिन्यातून एकदा सफाई कामगारांना सुटी देऊन त्यांचे काम सर्वांनी, वसतिगृहप्रमुखांसह, करावे. शिक्षक दूर उभे राहून उपदेश करतील तर यांतील काहीच टिकणार नाही. पियर्सनसाहेबांनी मोठी भांडी स्वतःकडे घेतली होती, हे त्यांनी स्मरावे. आणि जमल्यास कोणी तेथे सतारही वाजवावी.

यात काटकसरीचा लाभ आहेच, पण तेवढ्यासाठीच हे लिहिलेले नाही. घर सोडून गेलेला मुलगा किंवा मुलगी वसतिगृहात जी सवय अंगी बाणवून घेते, तीच घेऊन पुढे स्वतःचे घर थाटते. आपल्यामागे राबणाऱ्या हातांकडे पाहावयास जो विसाव्या वर्षी शिकला नाही, तो चाळिसाव्या वर्षी शिकेलच याची खात्री देता येत नाही. आणि पाणी, माती व कोळसा यांचे साठे आपल्या शिकण्याची वाट पाहत थांबणार नाहीत.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांची मुले या क्षणी कोठल्या ना कोठल्या वसतिगृहात असतील. आपण त्यांना जेवलास का, अभ्यास झाला का, असे नेहमीच विचारता. पुढल्या वेळी आणखी एक प्रश्न विचारून पाहा: तुमच्या मजल्यावरचा केर रोज कोण उचलते आणि त्यांचे नाव काय? उत्तर लगेच आले नाही, तरी रागावू नका. ते शोधण्यासाठी मुलाला खोलीचे दार उघडून बाहेर यावे लागेल.